गर्दी नसलेलें गांव

चैत्रगौरीचें हळदीकुंकू आटोपतें, आंब्याची डाळ आणि पन्हें यांची चव जिभेवर असते, तोंच मुलांच्या परीक्षा संपतात आणि आमच्या घरीं दरसालचा तो प्रश्न निघतो : "यंदा सुटींत कुठें जायचें?" प्रश्न चार शब्दांचा, परंतु लहानमोठीं मिळून बारा माणसें जेथें एका स्वयंपाकघरांत जेवतात, तेथें त्याचें उत्तर निघावयास पंधरा दिवस लागतात. ज्या वाचकांचीं कुटुंबें अद्याप एकत्र आहेत त्यांस हें निराळें सांगावयास नको.

पूर्वीं हा प्रश्नच नव्हता. सुटी लागली कीं मुलांनीं आजोळीं जावयाचें, हें पंचांगासारखें ठरलेलें. विहीर, आंब्याची अढी, अंगणांत घातलेल्या पथाऱ्या आणि मामांचा धाक एवढी सामग्री असली म्हणजे दीड महिना कोठें गेला तें कळत नसे. आतां कित्येकांचीं आजोळें ओस पडलीं, कित्येकांचीं शहरांतल्या सदनिकांत आलीं, आणि मुलांस घेऊन जावयाचें ठिकाण आपणच निवडावें लागतें. निवड आली कीं मतभेद आलाच.

गेल्या वर्षींच्या चर्चेंत आम्हीं आरंभींच एक अट घातली. तीन भावांत आम्ही मधले. म्हणून थोरल्यांपुढें हट्ट आणि धाकट्यांवर अधिकार, असे दोन्ही हक्क आम्ही चालवितों. अट अशी कीं, जेथें दुसरें कोणी जात नाहीं अशाच ठिकाणीं जावयाचें. तिला कारण घडलें होतें. आदल्या वर्षीं मे महिन्यांत घरांतील मंडळी कोंकण किनाऱ्यावर गेली होती. फेरीबोटीवर मोटार चढविण्यासाठीं तीन तास रांगेंत गेले. मुलें गाडींतच झोपलीं. किनाऱ्यावर पोंचलों तों अंधार पडलेला. दुसऱ्या दिवशीं छायाचित्रें काढलीं, आणि घरीं येऊन पाहिलीं तों प्रत्येक चित्रांत आमच्या मागें कोणा परक्यांचे काका कमरेवर हात देऊन उभे! तेव्हांच आम्हीं मनाशीं ठरविलें कीं, पुन्हां गर्दीच्या वाटेस जावयाचें नाहीं.

रात्रीचीं जेवणें झाल्यावर दिवाणखान्यांत सभा भरली. दादांनीं माथेरान सुचविलें. "तिथें मोटार जात नाहीं, म्हणजे अर्धी गर्दी तिथेंच संपली," असें त्यांचें म्हणणें. मोटार जात नाहीं हें खरें. १८५० सालीं ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांच्या नजरेंत तें ठिकाण भरलें, १९०७ सालीं नेरळहून लहान आगगाडी सुरू झाली, आणि आजहि प्रवाशांच्या मोटारींस त्या गांवांत मज्जाव आहे. परंतु मोटारी थांबल्या म्हणून माणसें थांबत नाहींत. दस्तुरी नाक्यावर गाड्या उभ्या करून तीं पायीं नाहीं तर घोड्यावर बसून गांवांत शिरतातच. मुंबईच्या इतक्या जवळचें थंड हवेचें ठिकाण मे महिन्यांत मोकळें राहील कसें? माथेरान नापास झालें.

कॉलेजांत जाणाऱ्या पुतण्यानें मोबाइलवर साताऱ्याजवळच्या कास पठाराचीं चित्रें दाखविलीं. फुलांचे जांभळे-पिवळे ताटवे पाहून सर्वांच्या तोंडून 'वाहवा' निघाली. मग वहिनींनीं विचारलें, "हीं फुलें येतात केव्हां?" तीं येतात श्रावण-भाद्रपदांत, मे महिन्यांत तेथें उघडा कातळ. शिवाय २०१२ सालीं पश्चिम घाटाबरोबर त्या पठाराचें नांव जागतिक वारशाच्या यादींत गेलें, आणि फुलांच्या दिवसांत माणसें इतकीं लोटूं लागलीं कीं, दिवसाला किती जणांस सोडावयाचें याची मर्यादा घालावी लागली.

वहिनींनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळासचें नांव काढलें. नाना फडणिसांच्या घराण्याचें तें गांव. तेथें २००२ सालापासून समुद्रकांसवांचीं अंडीं राखण्याचें काम चालतें. पिलें वाळूंतून वर आलीं म्हणजे तीं समुद्राकडे सोडतात. पाहुणे गांवकऱ्यांच्या घरीं उतरतात आणि त्यांच्याच घरचें जेवण जेवतात. ठिकाण मनांत भरलें. परंतु आमच्या मुलांच्या परीक्षा संपेपर्यंत पिलांचा हंगाम सरत येतो. मुलांस कांसवें दाखवूं म्हणावें आणि रिकामी वाळू दाखवावी, हें बरें नव्हे.

धाकट्या भावानें भंडारदरा सुचविलें. १९२६ सालीं पुरें झालेलें तें जुनें धरण, आणि पावसापूर्वींच्या अंधाऱ्या रात्रीं झाडाझाडांवर लुकलुकणारे असंख्य काजवे! परंतु तेथेंहि तीच कथा. काजव्यांतील नर आपल्या प्रकाशानें मादीस खूण करितो. तो प्रकाश पाहावयास मोटारी येतात, आणि मोटारींच्या दिव्यांत ती खूणच हरवते. पाहणाऱ्यांनींच पाहावयाची वस्तु घालवावी, असा हा प्रकार.

चार रात्री अशा गेल्यावर एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. 'शांत ठिकाण' म्हणून ज्याची कीर्ति आपल्या कानांवर आली, तें त्याच दिवशीं अशांत झालें असें समजावें. कारण ती कीर्ति एकट्या आपल्याच कानांवर आलेली नसते. दुसरी एक गोष्ट मात्र दहा वर्षांच्या पुतणीनें ध्यानांत आणून दिली. ती म्हणाली, "काका, जिथें कोणीच नाहीं अशा गांवाला आपण बारा जण गेलों, तर तिथें गर्दी होणार नाहीं का?" सभेंत हंशा पिकला. आम्हीहि हंसलों, परंतु उत्तर सुचलें नाहीं. घाटांत अडकलेला प्रत्येक मनुष्य आपल्या पुढच्या मोटारींस गर्दी म्हणतो. मागच्या मोटारींतला मनुष्य आपल्यास काय म्हणत असेल, हें त्याच्या मनांत येत नाहीं.

मात्र पुतणीच्या बोलण्यांत हिशेबाची एक चूक आहे असें त्या वेळीं आम्हांस वाटलें. ती बारा म्हणाली. प्रवासाचा आमचा हिशेब नेहमीं अकरांचा असे.

बारावें माणूस म्हणजे आमच्या थोरल्या काकू. ही सर्व चर्चा चालली असतां त्या समईजवळ बसून वाती वळीत होत्या. काकू १९६८ सालीं लग्न होऊन या घरांत आल्या. माहेर कऱ्हाडचें. तेव्हांपासून हें घर किती ठिकाणीं हिंडून आलें! उटकमंड झालें, काश्मीर झालें, कन्याकुमारी झाली. काकू मात्र प्रत्येक वेळीं घरीं. आधीं सासूसासरे वृद्ध म्हणून. मग देवांस वेळेवर नैवेद्य हवा म्हणून. आणि पुढें अकरा वर्षें आप्पा, म्हणजे आमचे थोरले काका, पक्षाघातानें अंथरुणास खिळले म्हणून. आप्पांस जाऊन दोन वर्षें झालीं होतीं. तरीहि काकू घरीं राहणार हें आम्हीं धरूनच चाललों होतों. निघणाऱ्यांच्या दशम्या, मेतकूट, लाडू बांधून द्यावयाचे आणि निघतांना प्रत्येकाच्या हातावर दहीं घालावयाचें, एवढाच त्यांचा प्रवासाशीं संबंध.

वहिनींनीं बोलण्याच्या ओघांत सहज विचारलें, "काकू, तुम्हांला कुठें जावेंसें वाटतें?"

काकूंनीं हातांतली वात पुरी केली, ती तबकांत ठेविली आणि मग म्हणाल्या, "विचारतेस म्हणून सांगतें. मला महाबळेश्वरला जायचें आहे. भर मे महिन्यांत. सगळे जातात तेव्हां."

"अहो काकू, तिथें मे महिन्यांत पाय ठेवायला जागा नसते!" आम्ही म्हणालों.

"म्हणूनच तर," काकू म्हणाल्या. "अरे, एकांत मीं पुष्कळ पाहिला. तुम्ही सगळे गेलांत कीं या घरांत दुसरें काय असतें? तुम्ही दर वेळीं तिथले चणे घेऊन येतां. इतकीं वर्षें चणे खाल्ले, आतां तें दुकान तरी एकदां पाहूं दे. माणसें जातात म्हणजे काय करतात, तें बघूं दे."

सभा तेथेंच संपली. कोणास कांहीं बोलवेना. दादा उठून पाणी पिऊन आले आणि पुन्हां बसले. काकूंच्या स्वरांत तक्रार नव्हती. असती तर बरें झालें असतें, तिला उत्तर देतां आलें असतें. आम्ही ज्या वस्तूच्या शोधांत जिल्हेच्या जिल्हे पालथे घालीत होतों, ती वस्तु आम्हीं स्वतःच काकूंच्या पदरांत दरसाल घालून जात होतों, आणि त्यांस ती नको होती.

महाबळेश्वर ठरलें. उरला प्रश्न देवांचा. वैशाखांत आमच्या घरीं शाळुंकेवर गळती असते. तें पात्र सकाळ-संध्याकाळ भरावें लागतें. नैवेद्य आहे, तुळस आहे. आम्हीं आपण होऊन घरीं राहण्याचें पतकरलें. खरें सांगावयाचें तर यांत त्याग नव्हता. थोडी शरम होती, आणि थोडा लोभहि होता : एकांत हवा होता, तो घरबसल्या मिळत होता. पांच दिवस आम्हीं राहावें, मग धाकट्या भावानें परत यावें आणि आम्हीं वर जावें, असें ठरलें.

काकूंनीं निघण्यापूर्वीं एका कागदावर सूचना लिहून दिल्या. त्या सत्तावीस भरल्या. मोगऱ्याच्या कळ्या ऊन चढण्यापूर्वीं काढाव्या, दूध गॅसवर ठेवून वर्तमानपत्र हातीं घेऊं नये, दुपारीं निजण्यापूर्वीं दाराची कडी पाहावी, असा सारा व्यवहार त्यांत होता. त्यांस एस. टी.च्या गाडीनेंच जावयाचें होतें. या खेपेस त्यांच्या हातावर दहीं आमच्या सौभाग्यवतीनें घातलें, तेव्हां त्या इतक्या संकोचल्या कीं दहीं अर्धें खालीं सांडलें. मग सारे स्वारगेटकडे गेले आणि घर शांत झालें.

पहिला दिवस फार सुखाचा गेला. मनसोक्त वाचन केलें. दुसऱ्या दिवशीं दुपारीं भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकूं येऊं लागली, आणि तिच्याशीं न जुळणारा दुसरा एक आवाज : देवघरांत गळतींतून पडणारा थेंब. एकट्यासाठीं भात लावावा तर तो तीन वेळां पुरे. तिसऱ्या दिवशीं चहासाठीं साखरेचा डबा काढतांना फडताळाच्या खणांत घातलेला कागद सरकला. पाहतों तों ती चण्यांची रिकामी पिशवी, उकलून, सपाट करून घातलेली. कडेला 'महाबळेश्वर' हीं अक्षरें. खालच्या खणांतहि तशीच. त्याच्या खालींहि. आमच्या कित्येक सुट्या काकूंनीं डब्यांखालीं अशा अंथरून ठेविल्या होत्या.

या घरांत आमचा जन्म गेला, पण दुपारचा हा आवाज आम्हीं कधीं ऐकला नव्हता. कारण तो ऐकूं येण्यास घरांत कोणी नसावें लागतें. काकूंनीं तो किती मे महिने ऐकला असेल, याचा हिशेब करूं लागलों आणि मध्येंच सोडून दिला. शेवटच्या वर्षांत तर शेजारच्या खोलींत आप्पा, तेहि बोलूं न शकणारे. चौथ्या दिवशीं दूधवाल्यास उगीच दहा मिनिटें बोलण्यांत गुंतविलें. संध्याकाळीं तीनदां फोन केला; कोणी उचलीना. सारे बाजारांत असावेत.

पांचव्या रात्रीं भाऊ आला, आणि सहाव्या दिवशीं पहाटे आम्हीं गाडी धरली. पुण्याहून महाबळेश्वर सुमारें १२० किलोमीटर. वाईपर्यंत ठीक गेलें. पसरणीचा घाट चढूं लागलों आणि मोटारींची रांग लागली. दीड तास तेथें गेला. एरवीं आम्ही चिडलों असतों. त्या दिवशीं मात्र खिडकींतून पुढच्या गाडींतलीं मुलें पाहत बसलों. कोणी आजोबा रस्त्यावर उतरून कलिंगडाच्या फोडी वाटीत होते. एक फोड त्यांनीं आमच्या खिडकींतहि दिली.

वर पोंचल्यावर काकू बाजारांतच भेटल्या. पायांत नव्या चपला, हातांत काठी, आणि काठीची गरज नसल्यासारखी चाल. या बाजाराचें जुनें नांव माल्कम पेठ. १८२९ च्या सुमारास गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या काळांत साहेबलोकांनीं उन्हाळ्यासाठीं ही वसाहत केली. सुमारें १३५० मीटरांची उंची, खालीं मुलूख भाजत असतां येथें झाडांखालची थंड सावली. लोक येऊं लागले ते दोनशें वर्षें होत आलीं तरी येतच आहेत. म्हणजे येथली गर्दी आमच्या तक्रारीहून पुष्कळच जुनी आहे.

काकूंनीं चण्यांचें दुकान दाखविलें. एका दुकानाशीं नव्हे, सहा दुकानांशीं त्यांची ओळख झाली होती. १८४२ सालीं बांधलेल्या वेण्णा तलावांत त्या नावेंत बसल्या होत्या, त्यासाठीं तासभर रांगेंत उभ्या राहिल्या होत्या, आणि रांगेंत एका गुजराती बाईनें त्यांना आपल्या नातीच्या लग्नाचीं सारीं चित्रें दाखविलीं होतीं. "आणि मुंबई पॉइंटवर काय झालें, सांगूं?" त्या म्हणाल्या. "हजार माणसें असतील. सूर्य टेकायला लागला, आणि सगळीं एकदम गप्प झालीं. पोरेंसुद्धां. मग तो बुडाला आणि लोकांनीं टाळ्या वाजवल्या. सूर्याला टाळ्या रे! मग मींहि वाजवल्या."

दुसऱ्या दिवशीं सकाळीं क्षेत्र महाबळेश्वरास गेलों. पंचगंगेच्या देवळांत कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पांच नद्यांचा उगम मानतात. त्यांचें पाणी एका गोमुखांतून पडतें. सावित्री पश्चिमेस बाणकोटच्या खाडीकडे जाते. कृष्णा पूर्वेची वाट धरते आणि सुमारें १४०० किलोमीटर वाहून आंध्रांत समुद्रास मिळते. कोयना वेगळ्या खोऱ्यानें जाते, आणि कऱ्हाडास प्रीतिसंगमावर कृष्णेस भेटते. तेथें माणसांची रेटारेट होती. काकूंनीं गर्दींतून हात लांब करून गोमुखाखालीं धरला आणि त्या पुष्कळ वेळ तो मागें घेईनात. मागचा एक तरुण "आजी, सावकाश होऊं द्या," म्हणून थांबून राहिला. बाहेर आल्यावर त्या एवढेंच म्हणाल्या, "आमच्या कऱ्हाडच्या दोघी इथून बरोबर निघतात होय!"

तेथून थोड्या पावलांवर कृष्णाबाईचें जुनें काळ्या दगडाचें देऊळ आहे. आम्हीं काकूंस तिकडे नेलें. गोमुख, खालीं शेवाळलेलें कुंड, पुढें कृष्णेचें सारें खोरें, आणि माणूस म्हणावें तर एकहि नाहीं. मागें इतकी गर्दी, आणि येथें झाडावरच्या बुलबुलाचा आवाज. आम्हीं चार रात्री जी जागा शोधिली ती ही. आम्ही मोठ्या उमेदीनें काकूंकडे पाहूं लागलों.

काकूंनीं देवीस नमस्कार केला, खोऱ्याकडे क्षणभर पाहिलें आणि म्हणाल्या, "छान आहे हो. तूं बैस हवें तर. मी आपली पुढें होतें. तिकडे सगळीं वाट बघत असतील." आणि काठी टेकीत त्या गर्दीच्या बाजूस चालूं लागल्या. आम्हीं थोडा वेळ बसून पाहिलें. मग आम्हीहि उठलों.

एकांताची हौस वाईट नव्हे. दिवसभर माणसांत पिचणाऱ्यास चार दिवस निवांतपणा मिळाला तर तो हवाच. परंतु आमच्यासारख्या घरांत बहुतेकांच्या वांट्यास गर्दी येते आणि एखाद्याच्याच वांट्यास सारी शांति येते. आणि ती कोणाच्या वांट्यास आली, हें गर्दींतल्यांस दिसत नाहीं. तेव्हां सुटींत कोठें जावें हें ठरविण्यापूर्वीं, आजवर कोण गेलें नाहीं तें घरांत एकदां विचारून पाहावें, एवढीच आमची सूचना. उत्तर आपल्या सोयीचें येईलच असें नाहीं.

या चैत्रांत पुन्हां सभा भरली. प्रवासास निघणारे अकराच, परंतु देवांजवळ राहण्याची आतां पाळी लागली आहे, आणि यंदा ती दादांची आहे. या वेळीं काकूंनीं वातींचें तबक बाजूस ठेवून सर्वांच्या आधींच सांगून टाकिलें : "माथेरान. त्या लहान गाडीनें. आणि रविवारींच जायचें. इतर दिवशीं गाडींत माणसें नसलीं तर काय घ्या?"